विसाव्या शतकातली ब्रिटिश रेल्वे: नव्या लाइनी, जोडमार्ग आणि फसलेले बेत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लंडनला शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली रेल्वेवेडी मंडळी परत आली की गप्पा बहुधा स्टीफन्सन आणि ब्रुनेल या एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वे-अभियंत्यांवर येऊन थांबतात. त्यानंतरच्या शंभर वर्षांबद्दल मात्र तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

ब्रिटनची रेल्वे एकोणिसाव्या शतकातच बांधून झाली होती ना? मग पुढे उरलं काय?

बरंचसं खरं आहे. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिथलं जाळं सुमारे २३,००० मैलांचं होतं आणि त्यातलं बहुतेक १९०० च्या आत टाकून झालं होतं. ग्रेट सेंट्रल कंपनीची लंडनला येणारी मोठी लाइनसुद्धा १८९९ मध्ये मॅरिलबोनला पोचली होती.

पण हे जाळं कोणी एका माणसाने नकाशा पुढ्यात घेऊन आखलेलं नव्हतं. शंभराहून जास्त खासगी कंपन्या, प्रत्येकीचं भांडवल वेगळं, स्टेशन वेगळं आणि शेजारणीशी वैर. एकाच गावात दोन स्टेशनं, एकमेकींवरून जाणाऱ्या दोन लाइनी आणि मध्ये सांधा नाही, हे नेहमीचंच. माझं मत विचाराल तर विसाव्या शतकात तिथे टाकलेल्या लांब लाइनींपेक्षा अर्ध्या-पाऊण मैलाचे तुकडेच जास्त कामाला आले. पुढची सगळी उत्तरं या पूर्वग्रहातूनच लिहिली आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

कट-ऑफ आणि कॉर्ड यांत फरक काय?

कट-ऑफ म्हणजे वळसा टाळणारी नवी, थेट लाइन. ती वीस-पंचवीस मैलांचीही असते. कॉर्ड म्हणजे दोन लाइनींना जोडणारा छोटा वळणदार तुकडा. दौंड ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला थांबायची, इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी आल्या दिशेनेच निघायची. डुलकी लागलेला माणूस दचकून विचारायचा, "परत पुण्याला निघालो की काय?" दौंड कॉर्ड लाइन झाल्यावर त्या लाइनीने जाणाऱ्या गाड्यांचा हा खटाटोप संपला. ब्रिटनमध्ये असे डझनावारी दौंड होते.

शतकाच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त कोणी बांधलं?

ग्रेट वेस्टर्न रेल्वेने. तिची आद्याक्षरं जीडब्ल्यूआर, आणि लोक टिंगलीने त्यांचा अर्थ लावायचे 'ग्रेट वे राउंड', म्हणजे मोठा वळसा. टोमणा खराच होता. कंपनी मुळात लंडन-ब्रिस्टलसाठी जन्मली, त्यामुळे तिच्या गाड्या कुठेही जायच्या असल्या तरी आधी त्या जुन्या रस्त्याला लागायच्या. वेल्सला जायचं, ब्रिस्टलच्या बाजूने जा. कॉर्नवॉलला जायचं, तरी ब्रिस्टल. बर्मिंगहॅमला जायचं, तर ऑक्सफर्डवरून.

दहा वर्षांत कंपनीने तिन्ही वळसे मोडले. १९०३ मध्ये बॅडमिंटनवरून दक्षिण वेल्सला थेट लाइन झाली. आजही लंडन-कार्डिफ गाड्या तिच्यावरूनच जातात. १९०६ मध्ये कॅसल कॅरी ते लँगपोर्ट भागातला तुकडा जोडला गेला आणि लंडनहून एक्झेटर-पेन्झन्सला जाणारा रस्ता सुमारे २० मैलांनी कमी झाला. यामागे प्लिमथच्या बंदरात उतरणाऱ्या अमेरिकेच्या प्रवाशांसाठी लंडन अँड साउथ वेस्टर्न कंपनीशी चाललेली जीवघेणी चढाओढ होती. जीवघेणी हा शब्द जपून वापरतोय. त्याच १९०६ च्या जुलैमध्ये साउथ वेस्टर्नची बोटीच्या प्रवाशांची गाडी सॉल्झबरीच्या वळणावर भरधाव येऊन उलटली आणि २८ माणसं गेली.

तिसरी लाइन माझ्या विशेष आवडीची. तिच्यासाठी वेगळा प्रश्न.

मॅरिलबोनहून बर्मिंगहॅमला जाणारी लाइन विसाव्या शतकातली आहे, हे खरं?

हो, निदान मधला मोठा भाग. अ‍ॅशेंडन ते एन्हो हा बिस्टरवरून जाणारा कट-ऑफ १९१० मध्ये सुरू झाला. त्याने ग्रेट वेस्टर्नचं लंडन-बर्मिंगहॅम अंतर ऑक्सफर्डमार्गे १२९ मैल होतं ते ११०-१११ वर आलं. युस्टनहून निघणारी प्रतिस्पर्धी कंपनी ११३ मैल कापून दोन तासांत बर्मिंगहॅम गाठायची. आता यांनीही दोन तासांची गाडी लावली.

खिडकीत बसलं की उशिरा बांधलेल्या लाइनचं वय कळतं. जुन्या लाइनी नदीच्या कडेकडेने, टेकडीला वळसा घालत जातात. ही मात्र दरी भरावाने भरून काढते, टेकडी कापते आणि सरळ निघते. तोवर वाफेवर चालणारी खोदाई यंत्रं आली होती आणि ताशी ऐंशी-नव्वद मैलांच्या गाड्या डोळ्यांसमोर होत्या, म्हणून वळणं अशी ऐसपैस.

बिस्टरची आणखी एक गंमत आहे. तिथे उतरणाऱ्यांसाठी गाडी थांबतच नसे. शेवटच्या डब्यात स्वतंत्र गार्ड बसायचा. स्टेशन जवळ आलं की तो तरफ ओढून आपला डबा धावत्या गाडीपासून सोडवायचा. गाडी तशीच भरधाव बर्मिंगहॅमकडे, आणि मागे सुटलेला डबा नुसत्या गतीवर घरंगळत फलाटाकडे. गार्डच्या हातात फक्त ब्रेक. लवकर दाबला तर डबा फलाटाच्या अलीकडेच थांबणार, आणि पुढे ढकलायला इंजिन नाही! असे 'स्लिप' डबे पूर्वी बऱ्याच ठिकाणी होते. देशातला शेवटचा डबा सप्टेंबर १९६० मध्ये बिस्टरलाच सुटला.

नंतर या लाइनीचे दिवस फिरले. १९६८ मध्ये बराच भाग दुहेरीचा एकेरी करून टाकला आणि शतक संपता संपता पुन्हा दुहेरी करायला घेतला. उखडायचं आणि मग तेच परत टाकायचं, हा प्रकार ब्रिटनमध्ये पुढेही भेटेल.

सिनेमात दिसणारा स्कॉटलंडमधला तो कमानींचा पूल कधीचा?

जादूच्या शाळेची आगगाडी ज्याच्यावरून जाते तोच ना? ग्लेनफिनन. फोर्ट विल्यम ते मॅलेग ही लाइन एप्रिल १९०१ मध्ये सुरू झाली. पूल २१ कमानींचा आणि सगळा काँक्रीटचा. लोक त्याला दगडी समजतात, पण तिथला दगड घडवायला फार कठीण होता. कंत्राटदार रॉबर्ट मॅकआल्पाइन यांनी इतकं काँक्रीट ओतलं की त्यांचं नावच 'काँक्रीट बॉब' पडलं.

त्या डोंगराळ, विरळ वस्तीत लाइन परवडणारी नव्हती. मॅलेगची मासळी बाजारात ताजी पोचावी म्हणून सरकारने भांडवलावर व्याजाची हमी दिली, तेव्हा कुठे ती झाली. खासगी कंपन्यांच्या त्या देशात त्या काळी ही मोठीच गोष्ट होती.

बांधकाम चालू असताना घोडा गाडीसकट एका पोकळ खांबात पडला आणि आतच राहिला, अशी दंतकथा आहे. ती बरीच वर्षं ग्लेनफिननच्या नावावर खपत होती. तिथे कॅमेरा घालून पाहिलं, काही नाही. शेवटी २००१ मध्ये त्याच लाइनीवरच्या लॉख नान उआव्ह पुलाच्या खांबात उपकरणांनी गाडी आणि घोड्याचे अवशेष दाखवले. दंतकथा खरी निघाली, पूल चुकला होता.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात काही झालं का?

लंडनच्या आसपास झालं, बाकी फारसं नाही. मोटारी आणि बस आल्या होत्या. भुयारी गाडी १९२६ मध्ये दक्षिणेला मॉर्डनपर्यंत गेली. सदर्न रेल्वेने विम्बल्डन-सटन लाइन १९३० मध्ये पुरी केली आणि १९३९ मध्ये चेसिंग्टनपर्यंत एक फाटा नेला. तो खरं तर पुढे लेदरहेडला जाऊन मिळणार होता. युद्ध आलं, काम थांबलं, आणि युद्धानंतर शहराभोवतीचा हरित पट्टा राखायचा ठरल्यावर वस्तीच होणार नाही तर लाइन कोणासाठी, म्हणून ते सोडून दिलं. चेसिंग्टन साउथच्या पुढे रूळ आजही झाडीत शिरून संपतात.

युद्धात इतके जोडमार्ग एकदम कसे झाले?

कारण विचारायला कंपन्यांचे भागधारक उरले नव्हते. युद्ध सुरू होताच रेल्वेचा ताबा सरकारने घेतला. लंडनवर बॉम्ब पडले आणि तिथली एखादी लाइन बंद झाली तर माल पलीकडे न्यायचा कसा, हा प्रश्न होता. तोवर एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर न्यायची तर भाडी, वाटण्या आणि वकील आले. आता १९४० मध्ये ऑक्सफर्ड, कॅलव्हर्ट, सँडी इथे काही महिन्यांत जोड बसले. चाळीस-पन्नास वर्षं जे जमत नव्हतं ते बुलडोझरच्या एका पाळीत.

माझा सगळ्यात लाडका जोड प्लिमथजवळ सेंट बुडो इथला. तिथे ग्रेट वेस्टर्नची लाइन आणि तिच्या वैरी कंपनीची लाइन अगदी खेटून जातात. दोघींची स्टेशनंही एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर: एक फेरी रोड, दुसरं व्हिक्टोरिया रोड. तरी रूळ जोडलेले नव्हते. १९४१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी प्लिमथ हवाई हल्ल्यांत भाजून निघालं त्याच वर्षी, दोन्हींमध्ये एक छोटा जोड टाकला. एक बंद पडली तर दुसरी हाताशी असावी, एवढाच हेतू.

युद्ध संपलं. असे कित्येक जोड गंजून उखडले गेले. हा राहिला. पुढे १९६८ मध्ये टॅव्हिस्टॉकवरून ओकहॅम्प्टनकडे जाणारी मोठी लाइनच बंद झाली आणि टेमर नदीच्या खोऱ्यातल्या गनिसलेकच्या फाट्याला प्लिमथशी बांधणारा एकमेव धागा उरला तो हा. युद्धकाळचा तात्पुरता तुकडा नसता तर आज ती लाइन नसती.

फसलेली कामं कोणती?

दोन सांगतो.

पहिलं ब्लेचलीचा उड्डाणपूल. १९५५ च्या आधुनिकीकरणाच्या योजनेत ऑक्सफर्ड-केंब्रिज लाइनीवरून मालगाड्यांचा लोंढा जाणार आणि लंडनला वळसा घालणार, असं गृहीत धरलं होतं. म्हणून ब्लेचलीला मुख्य लाइनीच्या डोक्यावरून भलामोठा काँक्रीटचा पूल बांधला. त्याच्यासाठी आखलेलं, मालगाड्या जुळवायचं मार्शलिंग यार्ड झालंच नाही, मालगाड्या आल्या नाहीत, आणि १९६७ च्या शेवटी लाइनीचाच बहुतेक भाग प्रवाशांना बंद झाला. पूल उभा तो उभाच. आता तीच लाइन पुन्हा जोडताना २०२०-२१ मध्ये त्याचा बराच भाग पाडून नव्याने बांधावा लागला.

दुसरं वुडहेडचा बोगदा, आणि इथे मुंबईकराने कान टवकारावेत. मँचेस्टर-शेफील्ड लाइनीवर पेनाइन डोंगराखाली व्हिक्टोरियन काळातले दोन अरुंद बोगदे होते. धुराने इंजिनवाल्यांचा जीव गुदमरायचा. त्यांच्या शेजारी तीन मैलांहून किंचित लांब असा नवा दुहेरी बोगदा खणून १९५४ मध्ये लाइन विजेवर आली, १५०० व्होल्ट डीसीवर. हाच दाब आपल्याकडे व्हीटी-कुर्ला लोकलला १९२५ पासून होता. वुडहेडला आलेलं तंत्र मुंबईचे चाकरमानी २९ वर्षं रोज वापरत होते.

पण लगेचच ब्रिटिश रेल्वेने पुढच्या कामांसाठी २५,००० व्होल्ट एसी पत्करलं. वुडहेडची विजेची इंजिनं दुसरीकडे कुठे चालवायची सोय राहिली नाही. प्रवासी गाड्या १९७० मध्ये थांबल्या, मालगाड्या १९८१ मध्ये. मुंबईनेही पुढे एसी घेतलं, पण लोकल बंद न पाडता, वर्षानुवर्षं दोन्ही दाबांवर चालणारे रेक पळवून. विजेच्या गाड्यांसाठी खणलेल्या त्या बोगद्यातून आज गाड्या जात नाहीत, फक्त राष्ट्रीय ग्रिडच्या केबल जातात. वीज आहे, रेल्वे नाही.

बीचिंगच्या काळात तर सगळं बंदच होत होतं ना?

रेल्वे मंडळाचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालाने सुमारे ५,००० मैल लाइन आणि २,००० हून जास्त स्टेशनं बंद करायला सांगितली होती. त्याच दशकात लंडनच्या पोटात व्हिक्टोरिया लाइन खणली जात होती, हे मात्र लोक विसरतात. पहिला टप्पा सप्टेंबर १९६८ चा, ब्रिक्स्टनपर्यंत १९७१. चालक दोन बटणं दाबायचा आणि गाडी आपली आपण पुढच्या स्टेशनपर्यंत जायची. मला त्याहून मोठी वाटते ती आखणी: पिमलिको सोडलं तर प्रत्येक स्टेशनावर दुसरी एखादी लाइन मिळते, आणि काही ठिकाणी फलाट ओलांडला की झालं. दादरला पूल चढून-उतरून दम लागलेल्या माणसाला याची किंमत कळेल.

मग पुन्हा बांधायला कधी घेतलं?

ऐंशीच्या दशकात, आणि बहुतेक छोटे तुकडे.

सेल्बीचं काम त्यातलं मोठं. लंडन-एडिंबरा मुख्य लाइन तिथे नव्याने सापडलेल्या कोळशावरून जात होती. खाली खोदलं तर वर जमीन खचणार, नाही खोदलं तर लाइनीखालचा कोळसा सोडावा लागणार. मग कोळसा मंडळानेच पैसे देऊन लाइन बाजूला सरकवली. १९८३ मध्ये सुमारे १४ मैलांचा, ताशी १२५ मैलांसाठी आखलेला नवा तुकडा सुरू झाला आणि सेल्बीच्या फिरत्या पुलावर गाड्यांना करावा लागणारा वेग-कपातीचा त्रासही टळला. खाणी २००४ मध्ये बंद झाल्या. त्यांच्यासाठी सरकवलेली लाइन अजून पळते आहे, आणि जुन्या लाइनीच्या एका भागावर आता सायकलींचा रस्ता आहे, त्याच्या कडेने सूर्यमालेची प्रमाणबद्ध प्रतिकृती.

हेझल ग्रोव्हचा कॉर्ड १९८६ चा. मिडलंड कंपनीने १९०२ मध्ये डिस्लीचा लांब बोगदा खणून मँचेस्टरकडे कट-ऑफ नेला तेव्हा तो इथे दुसऱ्या कंपनीच्या बक्स्टन लाइनीला छेदून गेला. जोड नाही. ८४ वर्षं गाड्या एकमेकींच्या खालून-वरून गेल्या. जोड बसल्यावर शेफील्डच्या गाड्या स्टॉकपोर्टला येऊ लागल्या. मँचेस्टरमध्येही दक्षिणेचं पिकाडिली आणि उत्तरेच्या बोल्टनकडच्या लाइनी १९८८ मध्ये विंडसर लिंक नावाच्या छोट्या तुकड्याने बांधल्या. त्याआधी पिकाडिली आणि व्हिक्टोरिया या दोन स्टेशनांमध्ये बोगदा खणायची महागडी योजना सत्तरच्या दशकात बारगळली होती.

लंडनच्या आरपार उत्तर-दक्षिण जाणारी थेम्सलिंक म्हणजे नवा बोगदा का?

अजिबात नाही, आणि म्हणूनच मजा. स्नो हिलचा बोगदा १८६६ चा. नदीच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या लाइनी तो जोडत होता. प्रवासी गाड्या १९१६ मध्येच बंद पडल्या, पुढे मालगाड्याही थांबल्या आणि रूळ काढून टाकले. लंडनच्या मधोमध, बँका आणि कचेऱ्यांच्या खाली, तयार बोगदा रिकामा. १९८८ मध्ये त्यात पुन्हा रूळ टाकले आणि बेडफर्डहून निघालेली गाडी ब्रायटनपर्यंत जाऊ लागली.

अडचण विजेची होती. उत्तरेला डोक्यावरची २५,००० व्होल्ट एसी तार, दक्षिणेला जमिनीलगतचा ७५० व्होल्ट डीसीचा तिसरा रूळ. दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या मुद्दाम बनवल्या. फॅरिंग्डनच्या फलाटावर गाडी उभी राहते, एक पुरवठा सुटतो, पंख्यांचा आवाज क्षणभर थांबतो, दुसरा लागतो. आपल्या एसी-डीसी रेकमध्ये बसलेल्यांना हा क्षण ओळखीचा आहे.

चॅनेल टनेल झाला तेव्हा लंडनपर्यंत वेगवान लाइन होती का?

नव्हती. सुमारे ५० किलोमीटरचा बोगदा मे १९९४ मध्ये खुला झाला. फ्रान्सच्या बाजूला ताशी ३०० किलोमीटरची लाइन आधीच तयार होती. इंग्लंडच्या बाजूला तीच गाडी तिसऱ्या रुळावरून वीज घेत, केंटच्या लोकलच्या मागे रेंगाळत वॉटर्लूला यायची. नवी लाइन २००३ आणि २००७ अशा दोन टप्प्यांत आली, म्हणजे या पानाच्या हद्दीबाहेर.

विमानतळांच्या लाइनी?

स्टॅन्स्टेड १९९१, मँचेस्टर १९९३. हीथ्रोला भुयारी गाडी १९७७ मध्येच पोचली होती. थेट हीथ्रो एक्सप्रेस १९९८ मध्ये आली. मध्ये १९९४ मध्ये तिचा बोगदा विमानतळाच्या खालीच कोसळला होता. सुदैवाने कोणी गेलं नाही.

एकच दिवस असेल तर यातलं काय बघावं?

प्लिमथहून गनिसलेकची गाडी पकडा. सेंट बुडोजवळ गाडी मुख्य लाइन सोडून डावीकडे... नव्हे, दिशा बघत बसू नका, फक्त चाकांचा आवाज ऐका: सांध्यावरून खडखडाट झाला की तो १९४१ चा जोड. लगेच पुढे ब्रुनेलच्या १८५९ च्या मोठ्या पुलाच्या खालून जाल. बेअर अल्स्टनला गाडी थांबेल आणि चालक पिशवी उचलून फलाटावरून दुसऱ्या टोकाला चालत जाईल, कारण पुढची लाइन १९६८ मध्ये गेली. मग गाडी उलटी निघून नदीवरच्या कॅलस्टॉकच्या पुलावर येईल. काँक्रीटच्या ठोकळ्यांचा, १२ कमानींचा, १९०८ चा. गाडी तिथे अगदी हळू चालते. फोटो काढायला वेळ मिळतो.